तोंड मिटलेला बिबट्या

मला बिबट्या काढता येतो. आमच्या भागात अलीकडे या कलेला मागणी आहे. कोल्हारच्या आसपास वस्त्यांकडे वळणाऱ्या रस्त्यांच्या तोंडाशी 'सावधान! बिबट्याचा वावर' असे पत्रे लावलेले दिसतील. त्यातले जे हाताने रंगवलेले आणि गंजायला आलेले आहेत ते माझे. नवे सगळे फ्लेक्सचे. माझ्या बिबट्याचा जबडा फाकलेला आहे, सुळे पांढरेधोप, जीभ रक्तासारखी. ते पत्रे रंगवले तेव्हा मी जन्मात बिबट्या पाहिला नव्हता. कॅलेंडरवरचा वाघ घेतला, पट्टे गाळले, ठिपके दिले. बघणारा दचकला म्हणजे आपलं काम झालं, एवढीच अक्कल.

या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या धंद्याविषयी लिहा' असा निरोप धाडला. कोणत्या धंद्याविषयी, ते विचारायचं राहिलं. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या फळ्या, शाळेच्या भिंती, निवडणुकीची चिन्हं हे मी आयुष्यभर केलं. एकदा एकाच भिंतीवर सकाळी एका उमेदवाराचं चिन्ह काढलं, दुपारी घरमालकानं ते पुसून दुसऱ्याचं काढायला लावलं, आणि संध्याकाळी दोन्हीकडची माणसं येऊन मलाच शिव्या घालून गेली. असल्या गोष्टी कोणताही पेंटर सांगेल. मी सांगतोय ते म्हातारपणी शिकलेल्या कामाविषयी. लहान पोरांसाठी चित्रांची पुस्तकं करायची. हे काम भीतीचं आहे. हसू नका. उंच इमारतीला दोर बांधून, लटकून मी अक्षरं लिहिली आहेत. तेव्हा कधी असा घाम फुटला नव्हता.

माझी शाळा सहावीत सुटली. अक्षर वळणदार, पण ती सगळी दुसऱ्यांनी लिहून दिलेली अक्षरं. स्वतःच्या मनातलं एक वाक्य मी कधी कुठं लिहिलं नाही. बायकोला पत्रसुद्धा नाही, कारण ती माहेरी टिकायचीच नाही. गेली तशी परत यायची.

हौसा तिचं नाव. आता नावानं लिहितोय. होती तोवर 'अगं' म्हटलं की भागायचं. ती आमच्या वस्तीच्या अंगणवाडीची सेविका होती. पोरांना खिचडी शिजवून घालणं, वजनं करणं आणि उरलेला सगळा वेळ गोष्टी सांगणं. तिला तक्ते मी रंगवून द्यायचो. गाय, घोडा, मका, वांगं. ती तक्ता भिंतीला लावायची, कमरेवर हात ठेवून बघायची आणि म्हणायची, "गाय अगदी गाईवानी हाय. पर ती करतीय काय? नुस्ती फोटोला उभी हाय."

मागच्या पौषात गेली. छातीत कळ आली, नगरच्या दवाखान्याच्या दारापर्यंत बोलत होती. त्याविषयी मला लिहायचं नाही. लोकही माझ्यासमोर तिचं नाव काढत नाहीत. मी आलो की बोलणं कांद्याच्या भावावर नेतात. चांगल्या मनानंच करत असतील. पण मला वाटतं, सगळ्यांनी मिळून तिला परत एकदा उचलून नेली.

तिच्या जागी रोहिणी म्हणून तरुण पोरगी सेविका झाली. एक दिवस ती दारात आली.

"आबा, पारनेरला शिबिर हाय. लहान मुलांची पुस्तकं कशी लिवायची आन् काढायची ते शिकवनारेत. बाईंनी नाव दिलं हुतं माझ्यासंगट."

"मग?"

"बाई न्हाईत. तुमी चला."

"मी काय बाई हाय का?"

"पेंटर तर हाय ना? इथं बसून तरी काय करताय? भिंतीला भिंत बोलतीय व्हय?"

फटकळ आहे. म्हणून गेलो.

शिबिरात सगळे शिक्षक, शिक्षिका, सेविका. वह्या, चष्मे, मोबाईल. मी मागच्या बाकावर, हातात ब्रशची पिशवी. मला भीती ही की उभं करून काही वाचायला लावतील. शिकवायला पुण्याच्या मेधाताई होत्या. पांढरे केस आखूड कापलेले, पायात साध्या चपला, आणि एक वाईट खोड: कुणी काही दाखवलं की 'छान' म्हणायच्या नाहीत. नुसत्या बघत राहायच्या.

पहिली गोष्ट त्यांनी शिकवली ती पान. मोठा कागद घ्यायचा, मधोमध घडी घालायची, परत घालायची, परत. कडा कापल्या की सोळा पानं होतात. तुमची गोष्ट केवढीही असो, तिला या सोळा पानांत बसायचंय. मी खूश झालो. पत्र्याचं माप ठरलेलं असतं तसंच हे. मी लगेच समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून मस्तपैकी म्हैस काढली. ताईंनी मधल्या शिवणीवर बोट ठेवलं. म्हशीचं तोंड बरोबर शिवणीत गेलं होतं. पुस्तक शिवलं की म्हशीला डोळेच नाहीत. पाटीला मध्ये घडी नसते, मला कुठून ठाऊक असणार?

दुसरी गोष्ट शब्दांची. मी म्हशीखाली लिहिलं, 'म्हैस पाण्यात बसली.' ताई म्हणाल्या, "काका, हे मला दिसतंय. जे दिसत नाही ते लिहा." मी रात्रभर विचार केला. सकाळी लिहिलं, 'तिला घरी जायचं नव्हतं.' त्यांनी वाचलं आणि पुढच्या बाकाकडे गेल्या. 'छान' म्हणाल्या नाहीत. पण मला कळलं.

शेजारी एक निवृत्त गुरुजी बसले होते. त्यांच्या गोष्टीत ससा असो की चांदोबा, शेवटच्या पानावर 'म्हणून मुलांनो' यायचंच. ताईंनी ते पान कापलं की गुरुजी दुसरं जोडायचे. तीन दिवस दोघांचं तेच चाललं. शेवटी गुरुजी मला म्हणाले, "पेंटर, यांना तात्पर्य नको असेल तर मुलांनी वाचायचं कशाला?" मी म्हटलं, "गुरुजी, आमी बिडी कशाला वढतो?" ते माझ्याशी बोलायचे थांबले.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जड गेली. पान उलटणं. पाटी एका नजरेत दिसते. गाडीवरून जाणाऱ्याला तेवढाच वेळ असतो. पुस्तकात पुढचं पान झाकलेलं असतं, आणि ते उघडायचं की नाही हे पोराच्या हातात असतं. ताई म्हणाल्या, "काका, मूल पान उलटतं तेव्हा ते तुमच्यावर विश्वास ठेवतं." तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटलं. वस्तीवर परत आलो आणि त्यातलं भय कळलं.

आमच्या शेजारी वैशालीचं घर. मध्ये एक बांध, पलीकडे ऊस. नवरा साखर कारखान्यात पाळीवर जातो. त्यांची मुलगी छकू, पाच वर्षांची. हौसाची लाडकी. अंगणवाडीत तिच्या मांडीवर कोण बसणार यावरून पोरांत भांडण लागलं तर छकू जिंकायची, कारण ती चावायची. घरात मोत्या नावाचा कुत्रा. आमच्याकडे आता कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात. चामड्याचा पट्टा, त्यातून बाहेर आलेले टोकदार खिळे. बिबट्या कुत्र्याला गळ्यालाच धरतो. खिळे टोचले की सोडतो. पूर्वी कुत्र्याला घंटी बांधायचे, आता खिळे. दिवस तसे आलेत.

उन्हाळा लागता लागता एका संध्याकाळी दिवेलागणीला बिबट्यानं मोत्याला अंगणातून नेलं. छकू ओट्यावर होती. वैशाली आतून पळत आली तोवर अंगण मोकळं. छकूचा बाप सगळ्यांना सांगत होता, "पट्टा असून बी नेला ओ! खिळ्याला बी भ्यायला न्हाई!" ते ऐकून माणसं जास्तच घाबरली. खिळे चालत नसतील तर मग काय चालणार?

त्या दिवसापासून छकू बोलायची बंद झाली. अंगणात पाय ठेवीना. अंगणवाडीत जाणं बंद. वैशाली तिला कडेवर घेऊन न्हाणीत नेई. राहुरीच्या डॉक्टरनं सांगितलं, धसका घेतलाय, हळूहळू जाईल. कुणी अंगारा लावला, कुणी ताईत बांधला. वैशालीनं तिला सांगून टाकलं की मोत्या मामाच्या गावाला गेलाय. पोरीनं डोळ्यांनी बघितलेलं, आणि आई सांगते मामाच्या गावाला.

वैशाली मला म्हणाली, "आबा, बाई असत्या तर बोलती केली असती हिला." मग तिनं जीभ चावली आणि कांद्याचं विचारलं.

मी ठरवलं, पुस्तक करायचं. छकूसाठी.

पहिलं पुस्तक केलं ते असं. एक मुलगी, एक बिबट्या. बिबट्याला मिशा, गोल पोट, गळ्यात रुमाल. मुलगी त्याला भाकर देते, तो शेपूट हलवतो, दोघं उसाकडेच्या अंगणात झोका खेळतात. भीती घालवायची तर बिबट्या गोड करावा, असा माझा हिशेब. छकूच्या हातात दिलं. तिनं पहिलं पान उघडलं, मग भराभरा उलटत शेवटपर्यंत गेली, परत पहिल्यापासून उलटत आली. चित्रांकडे धड बघितलंसुद्धा नाही. पुस्तक खाली ठेवलं आणि आत गेली. मला वाटलं, आवडलं नाही.

तेच पुस्तक मी रोहिणीला दिलं. वाया कशाला घालवायचं? चार दिवसांनी रोहिणी तडक आली, घामाघूम.

"आबा, ते पुस्तक घ्या माघारी."

"का गं? फाटलं?"

"आवं, तो वाघमारेचा बारका डब्यातली भाकर खाईना. इचारलं तर म्हनतो, बिबट्याला ठिवलीय, उसात निऊन देनार. उद्या खराच गेला तर मी त्याच्या आईला काय सांगू? पेंटरआबांनी काढलंय म्हनून?"

मी तिच्या हातातून पुस्तक घेतलं आणि चुलीत घातलं. ते जळताना बिबट्याचा रुमाल शेवटपर्यंत दिसत होता.  पत्र्यावर चूक झाली तर रॉकेलच्या फडक्यानं पुसता येते. पोराच्या डोक्यात काढलेलं चित्र कशानं पुसायचं? पुढचे कितीतरी दिवस मी अंगणवाडी सुटायच्या वेळेला उसाच्या कडेला काठी घेऊन उभा राहायचो. लोक विचारायचे, आबा कुणाची वाट बघताय? सांगू काय?

पुस्तकाचा नाद सोडायचाच होता. पण मग तो दिसला.

कोल्हारहून मोपेडवर येत होतो. कालव्याच्या चारीच्या वळणावर चिखल होता म्हणून उतरून गाडी ढकलत होतो. ऊन उतरलं होतं, अजून उजेड होता. चारीच्या भरावावर तो बसला होता. आपलं मांजर उंबऱ्यात बसतं तसा, पुढचे पाय जुळवून. जबडा बिबडा काही फाकलेला नव्हता. तोंड मिटलेलं. माझ्याकडे बघत होता. रागानं नाही, भुकेनं नाही. मी तिथं आहे आणि नसलो तरी चालेल, असं. घरातून माणूस गेलं की सकाळी भिंत अशीच बघते.  ओरडावं हेसुद्धा सुचलं नाही. मग तो उठला, वळला आणि उसात शिरला. आवाज नाही, पाचट वाजलं नाही. गाडी तिथंच टाकून मी चालत घरी आलो. दाराला कडी लावली, खिडकीला लावली, आणि आत कुणी नाही हे माहीत असून 'अगं' म्हणून हाक मारली.

दुसऱ्या दिवशी कागद घेतला आणि त्याला काढला. तसाच. तोंड मिटलेला. आयुष्यात पहिल्यांदा मी पाहिलेलं चित्र काढलं. ते चांगलं निघालं हे मला बघताक्षणी कळलं. आणि पेंटरला चित्र चांगलं निघालं की दुसरं काही सुचत नाही. मी पुस्तक बांधलं. ताईंनी शिकवलं तसं सगळं: आधी अंगणात मुलगी, मग ऊस, मग नुसता अंधार, आणि पान उलटलं की तो. शिवण बरोबर चुकवली होती. छकूसमोर धरलं. तिनं पानं उलटली आणि त्या पानाला आली.

ती किंचाळली. एवढे दिवस तोंडातून शब्द नाही आणि आता असा आवाज की शेजारच्या गोठ्यातली जनावरं उठली. वैशालीनं पोरीला उचललं, पुस्तक माझ्या अंगावर फेकलं.

"तुमाला काय अक्कल हाय का आबा? पोरगी मारायची का माझी? बाई गेल्या आन् तुमचं डोकं फिरलंय! येऊ नका आमच्याकडं!"

छकू रात्रभर तापानं फणफणली होती असं मागाहून कळलं. मी दारात जाऊ शकत नव्हतो. बांधावर उभा राहून त्यांच्या घराकडे बघायचो. पोरीला काही झालं असतं तर? 

मेधाताईंचा नंबर रोहिणीकडून घेतला. फोन केला, सगळं सांगितलं. वाटलं, झापतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, पहिलं पुस्तक दिलंत तेव्हा ती भराभर पानं उलटत गेली म्हणालात. आणि परत आली."

"व्हय. आवडलं न्हाई तिला."

"आवडलं नाही तर मूल पुस्तक ठेवून देतं. परत पहिल्यापासून उलटत नाही. ती काहीतरी शोधत होती."

"काय?"

"ते मला इथून कसं कळणार? तुम्ही शेजारी राहता. दोन्ही पुस्तकांत काय नाही?"

फोन ठेवला आणि ओट्यावर बसलो. दोन्ही पुस्तकांत मुलगी होती, बिबट्या होता, ऊस होता, अंगण होतं. मोत्या नव्हता. एकाही पानावर नव्हता. मीसुद्धा त्याला मामाच्या गावाला पाठवला होता.

वैशालीकडे जायचं धाडस व्हायला वेळ लागला. गेलो ते उंबऱ्याबाहेर उभा राहिलो.

"वैशाली, एकडाव. बिबट्या न्हाई काढत. कुत्रा काढतो."

"मेलेलं दाखवू नका पोरीला."

"तिनं बघितलंय ते, पोरी. आपनच न्हाई बघितलं."

 ती चुलीत लाकडं सारत राहिली. मग म्हणाली, "दार लावून घ्या आन् बसा."

या वेळी पुस्तक घरून करून नेलं नाही. कोरे कागद शिवून नेले, रंगाचे डबे आणि पाण्याचा गडू. छकूसमोर बसून काढायला लागलो. हे शिबिरात कुणी शिकवलं नव्हतं. पाटी रंगवताना पोरं भोवती जमतात आणि ब्रश कुठं जातो ते बघत तासन्‌तास उभी राहतात, एवढंच माझ्या गाठीला होतं. पहिल्या पानावर मोत्या काढला, पिल्लू. कान एक उभा, एक पडलेला. छकू आईच्या पदरामागून सरकली. दुसऱ्या पानावर मोत्या चप्पल पळवतो. तिसऱ्यावर मोत्या झोपलाय. ती आणखी पुढं सरकली. तिचं डोकं माझ्या दंडाला लागलं. खोबरेल तेलाचा वास आला. हौसाच्या मांडीवर बसून आलेल्या प्रत्येक पोराला तो वास यायचा.

मग ते पान आलं. संध्याकाळ, अंगण, ओट्यावर मुलगी, अंगणात मोत्या. ऊस मागं, लांब, नुसता हिरवा. बिबट्या काढायचा नाही असं कबूल केलं होतं, तो काढला नाही. मोत्याच्या गळ्यात पट्टा काढला. काळा पट्टा, त्यावर बारीक पांढऱ्या रेघांनी खिळे.

छकूचं बोट आलं आणि पट्ट्यावर टेकलं. रंग ओला होता, बोट काळं झालं.

"न्हवता," ती म्हणाली.

वैशालीच्या हातातलं लाकूड खाली पडलं.

"काय न्हवतं गं?" मी विचारलं. 

"पट्टा न्हवता. मी काढला हुता. टोचत हुता मला."

ती त्याला मिठी मारायची. खिळे तिच्या गालाला लागायचे. म्हणून त्या संध्याकाळी तिनं बकल सोडलं आणि त्याला मिठी मारली. मग मोत्या अंगणात पळाला. तिनं हे दोनतीन शब्दांत सांगितलं, एवढं लांबवून नाही. पट्टा कुठंय विचारलं तर धान्याच्या कोठीकडे बघितलं. वैशालीनं कोठीमागं हात घातला. पट्टा निघाला. एवढे दिवस तिचा बाप गावभर सांगत होता की पट्टा असून नेला, आणि ही घरात बसून ऐकत होती.

वैशालीनं तिला पोटाशी धरलं. "न्हाई गं माझे बाये, पट्टा असता तरी नेलाच असता त्यानं. तुझं काय न्हाई त्यात."

छकूनं आईकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघत होती. "पूस," म्हणाली.

 पट्टा पुसला तर तिनं केलेलं कायमचं कागदावर राहणार. नाही पुसला तर मीही आईसारखाच खोटं बोलणारा, आणि हे पोरगं परत तोंड मिटून घेणार. या वेळी कदाचित कायमचं. वैशाली मागून कुजबुजली, "आबा, नका."

मी फडकं ओलं केलं आणि पट्टा पुसला. मोत्याचा गळा मोकळा झाला. पट्टा ओट्यावरच्या मुलीच्या हातात काढला. छकूनं मान हलवली. हो, तसंच.

"आता लिव."

काय लिहू? 'छकूने पट्टा काढला' लिहावं तर ते दिसतंच होतं. जे दिसत नाही ते लिहायचं. मी पेन्सिल धरून बसलो. जन्मभर लोकांची नावं लिहिली, किराणा, हेअर कटिंग, आपलं सरकार, पण या एका ओळीइतकी कशाची भीती वाटली नाही. शेवटी पाटीसारख्या मोठ्या, गोल अक्षरांत लिहिलं.

"काय लिवलं?"

"छकू लहान होती."

तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. "परत वाच."

"छकू लहान होती."

"परत."

किती वेळा वाचलं कोण जाणे. घसा बसला. मग तिनं स्वतः पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं.

"मग?" ती म्हणाली.

मला पुढचं काही माहीत नव्हतं. तिला म्हटलं, "तू सांग. मी काढतो."

तिनं विचार केला. "मग छकूनं पट्टा घातला."

"कुनाला?"

तिनं स्वतःच्या गळ्याला हात लावला. वैशालीनं तोंडावर पदर धरला. मी ब्रश उचलला. मुलगी काढली, दोन वेण्या, पाठीला दप्तर, गळ्यात काळा पट्टा आणि बाहेर आलेले खिळे.  पाच वर्षांच्या लेकराच्या गळ्यात मी खिळे काढत होतो, आणि ते मला चुकीचं वाटत नव्हतं, याचीच जास्त भीती वाटली.

"मग?"

"मग छकू अंगनवाडीत गेली. उसाकडनं गेली. एकटी." ती थांबली, चित्राकडे बघितलं, आईकडे बघितलं. "आन् आई आली की काढायचा. टोचतो ना."

मी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. वैशालीनं तिला जवळ ओढलं आणि छकू तिच्या गळ्यात पडली. अंधारून यायला लागलं होतं. हवा यावी म्हणून मघाशी कुणीतरी दार उघडलं होतं, ते तसंच राहिलं होतं. मी ब्रश पाण्यात टाकला, उठलो आणि त्यांच्याकडे पाठ, उसाकडे तोंड करून दारात उभा राहिलो.